काकींच्या हाकेला दोन आवाज

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या सोसायटीच्या चेअरमन आदरणीय रश्मीताई, दोन लग्नं आणि एक उद्घाटन सोडून इथं आलेले प्रमुख पाहुणे, आपला तरुण सेक्रेटरी विशाल, मंचावर खुर्चीच्या अगदी कडेला संकोचून बसलेल्या सत्कारमूर्ती वनमालाकाकी, त्यांना न्यायला बडोद्याहून आलेला त्यांचा मुलगा देवेश, दुसऱ्या रांगेतले माझे होणारे व्याही चंद्रप्रकाशराव आणि विहीणबाई, आणि मुलुंड पूर्वेच्या या हॉलमध्ये पंखे कमी, माणसं जास्त असूनही टिकून राहिलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, सीतारामचा सगळ्यांना नमस्कार.

मला माइकच्या या बाजूला उभं राहायची सवय नाही. माझी जागा तिकडे, पडद्यामागे, ॲम्प्लिफायरपाशी. तरुणपणी खांद्यावर भोंगे वाहिले, आज देवाच्या दयेनं तीन टेम्पो आहेत. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत कुणाच्या घरी बारसं असो नाहीतर कुणाच्या पक्षाची सभा, आवाज आपला. शिक्षण बेताचं, पण कान तयार झाले. कुठली वायर सैल आहे आणि कुठला वक्ता खोटं बोलतोय, दोन्ही मला आवाजावरून कळतं. वायर तेवढी दुरुस्त करता येते.

तर त्याच कानांना आज माझा स्वतःचा आवाज कापरा ऐकू येतोय. यंत्रात दोष नाही, मघाशीच तपासलं. मला भीती वाटतेय. कशाची, ते सांगतो. रश्मीताई घड्याळाकडे बघतायत, तेही मला दिसतंय. दोनच मिनिटं, असं मी त्यांना कबूल केलं होतं. ताई, मोठं मन करा.

आजच्या कार्यक्रमात शाल आहे, श्रीफळ आहे, मनोगतं आहेत, शेवटी बटाटेवडा आहे. एक गोष्ट मात्र कार्यक्रमातून वगळली. कमिटीच्या बैठकीत मी म्हटलं, काकी कायमच्या चालल्यात, तर जाताना दारातून हाक मारतील, आपण उत्तर द्यायचं. बैठकीत अशी शांतता पसरली की मला वाटलं लाइट गेले. मग विशाल म्हणाला, "काका, फोटो काढू, केक कापू, झकास करू ना. ते हाकेबिकेचं कशाला? बाहेरचे पाहुणे असणार, यार."

मी म्हटलं, "विशाल, तुझ्या आजीनं तुला पाळण्यात घालताना कुठल्या भाषेत गाणं म्हटलं, माहितीये?"

"माहितीये म्हणून तर सांगतोय," म्हणाला.

पोरगा खोटं बोलत नाही. म्हणूनच मी त्याला मत दिलं होतं.

आता ही हाक काय भानगड आहे? या हॉलमधल्या निम्म्या लोकांना ते ठाऊक आहे आणि ते आत्ता सगळे वर पंख्याकडे बघतायत. उरलेल्यांसाठी सांगतो. आम्ही, म्हणजे या जागी पूर्वी जी चाळ होती तिच्यातली जुनी कुटुंबं, पडावी लोक. पडाव म्हणजे सपाट बुडाची होडी. खाडीत मोठं गलबत शिरायचं नाही, मग त्याच्यावरचा माल पडावात उतरवून काठावर आणायचा, हे आमच्या पूर्वजांचं काम. घरं मानखुर्दच्या बाजूला, तिवरांच्या आडोशाला. आणि आमची एक बोली होती. पडावीच म्हणायचे तिला.

ती बोली कुणी बसून बनवली नाही, ती मालाबरोबर उतरत गेली. खजूर घेऊन अरब आले, त्यांच्याकडून आम्ही मोजायला शिकलो. गुजराथी शेठजींकडून घासाघीस उचलली. फिरंगी आले आणि घर, काठ, शिडी असले शब्द ठेवून गेले. मराठ्यांची चौकी बसली तेव्हा हुकूम ऐकायची भाषा आली, आणि इंग्रज आल्यावर तो हुकूम चुकवायची. ज्यानं ज्यानं आम्हाला जिंकलं त्याचे चार शब्द आमच्या तोंडात राहिले. गप्प बसायचं मात्र आम्ही आमच्या बुद्धीनं शिकलो.

कारण मिठावर कर बसला. आमच्या लोकांनी कर चुकवून मीठ वाहिलं. का वाहिलं, पोटासाठी की हौसेनं, ते मी पूर्वजांना विचारायला जाऊ शकत नाही. पण पकडले गेले, चौकीवर नावं लागली, बायकापोरांसकट रोजची हजेरी आली. बोली कानावर पडली की शिपाई धरायचा. पुढे राज्य गेलं, हजेरी गेली, नाव काही गेलं नाही. मी शाळेत एकदा चुकून तोंडातून पडावी शब्द काढला, तर मधल्या सुट्टीत पोरांनी आपापले डबे बंद करून घेतले. "ए मीठचोर, लांब बस." त्या दिवसापासून माझ्या आईनं घरात मराठी सुरू केली. रागावतानासुद्धा मराठी. आईला मराठीत रागावता यायचं नाही, मध्येच अडायची, आणि आम्हा भावंडांना हसू यायचं. आता नाही येत.

असो. हाकेकडे येतो.

पडाव काठाला लागण्याआधी, किंवा काठ सोडून निघताना, पडावावरचा माणूस हाक मारायचा. "रीब कासा?" काठावर घर जागं आहे का? आणि काठावरून उत्तर यायचं, "कासा जागी." घर जागं आहे. त्याच्यापुढे उत्तर देणाऱ्यानं आपल्या घराण्याच्या पडावाचं नाव घ्यायचं. उत्तर आलं की समजायचं, सगळं ठीक, ये किंवा सुखानं जा. उत्तर आलं नाही, की काठावर शिपाई आहेत, पळ काढ. म्हणजे आमच्यात शांतता हीसुद्धा एक बातमी असते.

आणि एक आवाज पुरायचा नाही. एकाच्या गळ्याला सुरी लावून शिपाई उत्तर वदवून घेऊ शकतो. म्हणून दोन घराण्यांचे दोन आवाज लागायचे. एकच आवाज आला तर ते शांततेपेक्षा वाईट. सापळा.

खाडी सुटली, पडाव गेले, चाळ आली. गिरणीत, कारखान्यात नोकऱ्या आल्या. पण सवय राहिली. वनमालाकाकींची खोली जिन्याजवळची, पहिली. त्यांचे यजमान काशीरामकाका चेंबूरला कारखान्यात कामाला. पाळीवरून यायचे, चाळीच्या तोंडाशी हळू हाक मारायचे. काकी आतून उत्तर द्यायच्या, वरच्या मजल्यावरून दुसरं कुणीतरी. नुसते काकाच नाही, आम्ही सगळेच. मी भोंगे टाकून थकून यायचो, हाक मारायचो, आणि कढईच्या आवाजातून काकींचं उत्तर यायचं. कधी चिडून यायचं, "जागी हाय, जागी हाय, चप्पल बाहेर काढ." पण आलं नाही असं झालं नाही.

मग चाळ पडली आणि हा टॉवर उभा राहिला. तक्रार नाही, मी स्वतः सही केली, लिफ्ट मलाही आवडते. काकी चौदाव्या मजल्यावर गेल्या. चौदाव्या मजल्यावरून गेटावरची हाक ऐकू येत नाही, एवढंच.

मागल्या वर्षीची गोष्ट आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे आणि आपण ती कधी बोललो नाही. काशीरामकाकांना विसर पडायला लागला होता. नातवाला भाऊ समजायचे. एका संध्याकाळी ते बागेत फेरी मारायला म्हणून उतरले आणि गेटाबाहेर गेले. थोड्या वेळानं आपसूक परतही आले. त्या वेळी खाली लॉबीत सत्यनारायण होता, शेजारच्या इमारतींतले पाहुणे होते, आपली माणसं ठेवणीतले कपडे घालून प्रसाद वाटत होती. काका गेटात उभे राहिले आणि त्यांनी हाक मारली, "रीब कासा?"

मी तेव्हा बोरिवलीला एका वाढदिवसाचे स्पीकर लावत होतो, म्हणून मी काही कुणापेक्षा चांगला ठरत नाही. मी इथं असतो तर काय केलं असतं, मला माहीत नाही. पण जे होते त्यांनी मला नंतर एकेकट्यानं येऊन सांगितलं. ऐकलं सगळ्यांनी. एकानं प्रसादाचा द्रोण दुसऱ्या हातात घेतला. एकीनं पदर सारखा केला. पाहुण्यांपैकी कुणी विचारलं, "काय म्हणतायत आजोबा?" आणि आपल्यातलंच कुणी म्हणालं, "काही नाही, वय झालंय."

नवा वॉचमन मात्र भला माणूस. गणवेशातच पुढे आला आणि म्हणाला, "आओ चाचा, अंदर आओ."

आता काकांच्या जागी उभे राहा. हाक मारली. आपली माणसं समोर दिसतायत, सगळी गप्प. आणि पुढे येतोय गणवेशातला माणूस. काय अर्थ लावाल? काका वळले आणि निघाले. बायपासच्या ऑपरेशननंतर जे घरात भिंत धरून चालायचे, ते इतक्या झपाझप गेले की वॉचमन रस्ता ओलांडेपर्यंत दिसेनासे झाले. विसरभोळा झालेला माणूस एवढी एकच गोष्ट विसरला नव्हता, आणि तिनंच त्यांना घराच्या दारातून पळवून लावलं.

रात्रभर सगळ्यांनी शोधलं. पोलिसांनी मदत केली, खरंच केली. सकाळी बातमी आली, मानखुर्दला खाडीकडे एक म्हातारा दिसला, जवळ गेलं की तिवरांत शिरतो. मी टेम्पो काढला, वर भोंगा बांधला. काकी माझ्या शेजारी बसल्या. मागच्या बाजूला माझी मुलगी श्रुतिका. हवालदारसाहेब म्हणाले, नाव पुकारा. मी पुकारलं. "काशीरामकाका, जिथं असाल तिथून बाहेर या, घरचे न्यायला आलेत." चांगला खणखणीत आवाज लावला होता. काकांचा पत्ता नाही.

काकी म्हणाल्या, "अरे, भोंग्यावर नाव पुकारतोस, त्यांना वाटंल हजेरी घेतायत. दे इकडं." माझ्या हातून माइक घेतला. बाजूला भाजीबाजार भरलेला, सकाळची गर्दी. आणि त्या भर बाजारात काकी भोंग्यातून म्हणाल्या, "कासा जागी, सोनचिंबोरी." सोनचिंबोरी म्हणजे त्यांच्या सासरच्या पडावाचं नाव.

मित्रांनो, त्या क्षणी मी काच वर केली. उन्हासाठी नाही.

तिवरांत काही हललं नाही. काकी परत म्हणाल्या. काही नाही. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बोल की रे सीताराम. एका आवाजावर ते येणार नाय."

मी म्हटलं, "काकी, बाजार आहे."

त्या म्हणाल्या, "मग? बाजारातनंच आलीय ती भाषा."

मी चाळीस वर्षं लोकांना बोलायला माइक दिला. तो घेताना माझा हात असा घामेजला की मला शॉक बसायची भीती वाटली. मी म्हटलं, "कासा जागी, काळी घार." आमचा पडाव, काळी घार. आवाज फुटला, उच्चार धड नव्हता. आणि थोड्या वेळानं बांधाच्या पलीकडून काका उठले. धोतर चिखलानं भरलेलं. टेम्पोपाशी आले, मला म्हणाले, "उशीर केलास. शिपाई गेले का?"

मी म्हटलं, "गेले, काका."

बाजाराचं काय झालं म्हणाल, तर काहीही नाही. कोथिंबिरीवाली कोथिंबीर विकत राहिली. एकानं विचारलं, कसली जाहिरात आहे. बस.

पण घरी आल्यावर झालं. आपल्यातलेच दोघंतिघं माझ्या दारात आले. "सगळ्या मानखुर्दला ओरडून सांगितलंत आपण कोण ते. आमच्या पोरांची लग्नं व्हायचीत." मला राग नाही आला. त्यांची भीती खरी आहे. नाव एकदा चिकटलं की साबणानं निघत नाही, हे शाळेत लांब बसलेल्याला कुणी सांगायला नको. काका पुढे चारेक महिन्यांनी घरातच, झोपेत गेले. त्यांना निरोपाची हाक मारता आली नाही, आणि त्याआधी गेटातून मारलेल्या हाकेला आम्हालाही उत्तर देता आलं नव्हतं.

आणि आता काकी चालल्या. देवेश त्यांना नेतोय, चांगलं नेतोय. बडोद्याला सून मायेची आहे, तळमजल्यावर घर आहे, गुडघ्यांना आराम मिळेल. त्यात दुःख मानण्यासारखं काही नाही. पण परवा मी त्यांच्याकडे चहाला गेलो, तेव्हा त्या सामान बांधता बांधता सहज म्हणाल्या, "सीताराम, मी दारातनं हाक मारीन हां. कोणी बोललं नाय तर मी समजंन, इथं धोका हाय. मंग परत यायचं नाय."

मी म्हटलं, "काकी, असं कसं? आम्ही सगळे आहोत की."

"तेव्हाही सगळे व्हते," म्हणाल्या. रागानं नाही. चादरीची घडी घालत.

माणसांनो, काकी रुसून बोलत नाहीत, धमकी देत नाहीत. त्या नियम सांगतायत. आज उत्तर आलं नाही तर गणपतीला, लग्नकार्याला, कशालाही ही बाई पुन्हा या दारात येणार नाही. देवेशनं तिकीट काढून दिलं तरी यायची नाही. ज्या बाईनं आपल्यापैकी प्रत्येकाला उंबरठ्यावर उत्तर दिलं, तिच्यासाठी ही जागा कायमची शिपायांची होईल.

म्हणून मी दोन मिनिटांचं भाषण इथवर ताणलं. खरं तर अजून एक कारण आहे, आणि ते दुसऱ्या रांगेत बसलंय.

चंद्रप्रकाशराव, विहीणबाई, आपण घाटकोपरला तुमच्या घरी बोललो तेव्हा मी म्हणालो होतो, आमचे पूर्वज खाडीवर होड्यांचा व्यवसाय करायचे. त्यात एक शब्दही खोटा नव्हता. पण चौकीवरची हजेरी मी त्यात सांगितली नव्हती. श्रुतिका म्हणते, तुमच्या चैतन्यला तिनं साखरपुड्याच्या कितीतरी आधी सांगून टाकलंय. परवा मी तिला विचारलं, बाई, मी सगळ्यांसमोर बोलू का? तर म्हणाली, "बोल ना बाबा. त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळू दे. पण नीट बोल, माइकवाल्यासारखं हॅलो हॅलो करू नकोस." तर नीट बोलतोय. आम्ही पडावी. ज्यांना मीठचोर म्हणत, ते आम्ही. मुलगी तीच आहे जी तुम्ही पाहिलीत, चहात साखर कमी घालणारी.

आत्ता एका खुर्चीचा पाय फरशीवर घासल्याचा आवाज आला, तुमच्याच बाजूनं. तुम्ही उठताय, की पाय मोकळा केलात, हे आवाजावरून मला सांगता आलं असतं एरवी. आज माझे कान काम देत नाहीयेत, आणि तिकडे बघायची मला हिंमत नाही. तुम्ही जे ठरवाल ते मान्य. वडा खाऊन जा, एवढी विनंती.

बाकीच्यांना एकच सांगतो. उत्तर दिलंच पाहिजे, अशी सक्ती मी कुणावर करणार नाही. कुणाच्या घरी कुठली सोयरीक चालू आहे, कुणाच्या ऑफिसातलं कोण शेजारी बसलंय, हे तुमचं तुम्हाला माहीत. ज्यांना आपल्या पडावाचं नाव आठवत नाही त्यांनी घरातल्या म्हाताऱ्यांना आत्ता, या मिनिटाला विचारा. तिकडे मागे खांबापाशी कुणीतरी विचारतंय. "आई, आपला कुठला गं?" ऐकू आलं मला. आईनं काय उत्तर दिलं तेही ऐकू आलं. मी ते नाव इथून घेणार नाही. ते ज्याचं त्यानं घ्यायचं असतं.

आता आभार. अध्यक्षबाईंनी मला एकदाही थांबवलं नाही, त्यांचे आभार. प्रमुख पाहुण्यांचे आभार, त्यांना अशा कार्यक्रमाची कल्पना नव्हती. विशाल, तुझ्या मनाविरुद्ध बोललो, पोरा, तुझेही. देवेश, काकींना प्रवासात उलट्या तोंडाच्या सीटवर बसवू नकोस, त्यांना मळमळतं. आणि काकी, तुमचे आभार मानायला मला पडावीत शब्दच माहीत नाही. बहुतेक तो आमच्यात नव्हताच. उत्तर दिलं की पुरायचं.

कुणाचं मन दुखावलं असेल, कुणाची लपलेली गोष्ट माझ्या बोलण्यानं उघडी पडली असेल, तर हात जोडून माफी मागतो. वेळ खाल्ला त्याची वेगळी माफी.

काकी उठल्यात. देवेशनं पिशवी घेतलीय. त्या दाराशी पोचल्या की हाक मारतील. तिकडे ॲम्प्लिफायर बंद करा रे, हे नुसत्या गळ्यानं द्यायचं आहे.

पहिला आवाज माझा असेल, तो मी देणारच आहे, कापरा का होईना. पण नियम मी तुम्हाला सांगितलाय. मी एकटाच बोललो, तर काकी पळतील.